हाफ-लाइफ २ शेवटी खेळून संपवला, हरभऱ्याच्या ओलितात

जागल्या

धागा गेमचा आहे, पण थोडी शेती येईल. इलाज नाही.

ज्यांनी हाफ-लाइफ २ हा कॉम्प्युटर गेम तेव्हाच, म्हणजे २००४-०५ मध्ये खेळला, त्यांना यात नवीन काही मिळणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेमला वीस वर्षं झाली म्हणून व्हॉल्व्हने, म्हणजे तो बनवणाऱ्या कंपनीने, तो काही दिवस फुकट दिला होता. तेव्हा घेऊन ठेवला आणि मग लायब्ररीत तसाच पडून राहिला, असे इथे बरेच असतील. मी त्यातलाच, आणि लिहितोयही त्यांच्यासाठीच.

मुळात तो तेव्हाच का राहून गेला? आमची पिढी तालुक्याच्या कॅफेत तासाला पंधरा-वीस रुपये मोजून काउंटर-स्ट्राइक १.६ खेळणारी. ते काउंटर-स्ट्राइक हाफ-लाइफच्या पहिल्या भागावर हौशी पोरांनी बांधलेला मॉड, म्हणजे बदल करून केलेला गेम होता, हे आमच्यात कोणाच्या गावीही नव्हतं. हाफ-लाइफ २ मात्र कॅफेत कधीच दिसला नाही. सीडी विकत घेतली तरी स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्याच ऑनलाइन सेवेवर, खातं काढून इंटरनेटवरून गेम चालू करून घ्यावा लागायचा. त्यावरून तेव्हा जगभर बोंबाबोंब झाली होती. आमच्याकडे तर डायल-अपवर मेल उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. कोण त्या भानगडीत पडतं!

आता लॅपटॉप आहे, नागपूरच्या सीताबर्डीवरून घेतलेला सेकंडहँड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला. २००४ मध्ये या गेमला कमीत कमी १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम लागायची. म्हणजे आजचा कुठलाही डबडा चालतो. डाउनलोड वर्ध्याला साळ्याच्या घरी फायबरवर केलं, रोजच्या डेटात ते झालं नसतं. मग ऑफलाइन मोड लावून लॅपटॉप थेट शेतात.

शेतात, कारण यंदा आमच्या फिडरची थ्री-फेज रात्रपाळीची होती. स्प्रिंकलर लावला की पाइप बदलायची वेळ होईस्तोवर दोन-तीन तास मोकळे. रोही आणि रानडुकरं असल्यामुळे घरीही जाता येत नाही. मोटर चालू असली की झोपडीतला बोर्ड चालू, म्हणजे चार्जरही चालू. लाइट गेली तर मोटर बंद आणि बॅटरी संपली की गेमही बंद. या सगळ्यात कामाची निघाली ती एफ-६ ची कळ. दाबली की गेम जागच्या जागी सेव्ह होतो.

बरं, आता गेम.

तुम्ही गॉर्डन फ्रीमन. एमआयटीतून पीएच.डी. केलेला भौतिकशास्त्रज्ञ, आणि अख्ख्या गेममध्ये एक शब्द बोलत नाही. रेल्वेतून सिटी १७ च्या स्टेशनावर उतरता. मोठ्या पडद्यावर डॉ. ब्रीन नावाचा प्रशासक गोड आवाजात स्वागत करतो आहे. भिंतीला टेकलेला एक माणूस हळूच सांगतो, पाणी पिऊ नका, विसर पडावा म्हणून त्यात काहीतरी घालतात. पुढे एक शिपाई मुद्दाम डबा खाली पाडतो आणि म्हणतो, उचल आणि कचऱ्यात टाक. टाकला तर हसून वाट सोडतो. त्याच्याच अंगावर फेकला तर दांडकं घेऊन मागे लागतो. वस्तू उचलायची कशी, फेकायची कशी, एवढंच शिकवायचं होतं. पण शिकवणी चालू आहे असं वाटत नाही, अपमान झाला असं वाटतं. मी फेकून मारला. कोण नाही मारणार?

हा गेम सगळं असंच शिकवतो. कॅमेरा हिसकावून सिनेमा दाखवत नाही, पाटी लावून समजावत नाही. रेव्हनहोम नावाच्या उजाड खाणगावात शिरलात की आधी कमरेतून कापलेला एक मुडदा दिसतो आणि शेजारी भिंतीत रुतलेलं करवतीचं गोल पातं. ते ग्रॅव्हिटी गनने ओढून घेता, तेवढ्यात समोर एक मुडदा चालत येतो. पुढे काय करायचं ते सांगायला कोणी लागत नाही.

ग्रॅव्हिटी गन म्हणजे वस्तू ओढणारी आणि भिरकावणारी बंदूक. तिच्यावर लोकांनी इतकं लिहून ठेवलंय की मी जपूनच अपेक्षा ठेवली होती. तरी आवडली. गेममध्ये साथ देणाऱ्या ॲलिक्स नावाच्या मुलीच्या डॉग या यंत्रमानवाबरोबर चेंडू झेलायला लावून ती हातात दिली जाते, आणि पुढच्याच प्रकरणात त्याच हाताने करवतीची पाती फेकावी लागतात.

जुनं झालेलंही बरंच आहे. फळीच्या एका टोकाला विटा ठेवून दुसरं टोक वर करायचं, असली कोडी २००४ मध्ये नवलाची असतील. आज त्यांच्यावर फक्त वेळ जातो. हवाबोटीचं प्रकरण फारच लांबलंय. कालवा, वळण, फाटक, चाक फिरवा, परत कालवा. मी तिथे पाइप बदलायला वेळेच्या आधीच उठायला लागलो.

मला सगळ्यात जास्त बसलं ते समुद्रकिनाऱ्याचं प्रकरण, हायवे १७. गाडी घेऊन जायचं, मध्ये घरं लागतात, उतरून आत बघायचं. गाद्या, भांडी, एखादं प्रेत, चार गोळ्या. समुद्र खाली गेलाय, धक्के कोरडे, नावा चिखलात कलंडलेल्या. परग्रहावरून आलेले कंबाइन पृथ्वीचं पाणी उपसून नेतायत. हे कोणी भाषण करून सांगत नाही. गाडी थांबवून बघितलं तर दिसतं, नाहीतर राहून जातं. वाटेत एक रेल्वेचा पूल आहे. त्याच्या खालच्या लोखंडी तुळयांवरून चालत जायचं. गोळीबार थोडा, वारा फार. तिथे माझे तळहात घामेजले होते, आणि बाहेर डिसेंबरची थंडी.

शेवटाबद्दल खाली बोलू, नाहीतर कथा फुटेल. विचारायचं असं, की पुढे काय? याच्या पुढची कथा सांगणारे एपिसोड वन, टू खेळू का मागे जाऊन पहिला भाग?

टिनपत्रा

आबे काय लिवलं बे भाऊ! मी रेव्हनहोमात घुसलो अन् तिथूनच वापस आलो होतो. पोट्टा होतो तवा, मोठ्या भावाच्या कंप्युटरवर. तो काळा हेडक्रॅब, खेकड्यावानी जीव, चावला का तब्येत डायरेक एकवर येते, मले वाटलं संपलो. मंग हळूहळू वापस चढते ते मले कोन सांगन? बंदच केला म्या गेम.

अन् तू हे रातच्याला शेतात एकटा बसून खेळून रायला? डुकरं परवडले भाऊ.

सांबारवडी

मी दोनदा सुरू केला, दोन्ही वेळा अर्ध्या तासात मळमळायला लागलं. बोटीच्या तिथे तर उलटीच व्हायची बाकी होती. काही उपाय?

जागल्या

@सांबारवडी, सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे स्क्रीनवर किती रुंद दिसतं तो कोन, ७५ असतो, तो ९० कर. स्क्रीनपासून लांब बस. ट्रॅकपॅडवर खेळत असशील तर आधी माउस घे. आणि कॅप्शन चालू ठेव. पात्रं इंग्रजी भराभर बोलतात, मला तर त्याशिवाय निम्मं कळलं नसतं.

क्वेकवाला

चांगला गेम आहे. पण समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर शंभरपैकी ९६? थोडा हात आवरायला हवा होता समीक्षकांनी.

२००४ हे वर्षच असं होतं. मार्चमध्ये फार क्राय, ऑगस्टमध्ये डूम ३, नोव्हेंबरमध्ये हेलो २ आणि पाठोपाठ हा. नुसती गोळीबाराची मजा मोजली तर हाफ-लाइफ २ यांच्यात वरचा नाही. सबमशिनगन म्हणजे खेळणं. शिपाई समोर येऊन उभे राहतात आणि मरतात. १९९८ च्या पहिल्या भागातले मरीन याहून हुशार वाटायचे, बाजूने वळसा घालायचे, ग्रेनेड टाकून बाहेर काढायचे. २००५ मध्ये एफ.ई.ए.आर. आला, त्यातल्या चकमकी खेळून बघ, मग बोलू.

फिजिक्सचं, म्हणजे वस्तू खऱ्यासारख्या पडण्या-आदळण्याचं म्हणाल तर त्यासाठीचं हॅवॉक हे तयार सॉफ्टवेअर आधीपासून बाजारात होतं. व्हॉल्व्हने ते घेऊन स्वतःच्या सोयीने बदललं. कौतुक करायचं तर त्याचा वापर कसा केला याचं करा, शोध लावल्याचं नको.

जागल्या

सबमशिनगनबद्दल वाद नाही. एवढ्या गोळ्या झाडूनही समोरच्याला काही झालंय असं वाटत नाही. म्हणून मी अर्धा गेम क्रॉसबो आणि ग्रॅव्हिटी गनवरच काढला.

पण तुम्ही याला गोळीबाराचा गेम म्हणून मोजताय. मी काही शंभर गेम खेळलेला माणूस नाही. मला दिसलं ते एवढं, की दर तासा-दीड तासाला गेम आपलाच नियम मोडतो. सँडट्रॅप्स नावाच्या प्रकरणात वाळूवर पाय पडला की जमिनीतून अँटलायन नावाचे मोठे किडे निघतात, म्हणून फळ्या टाकत दगडा-दगडावरून जायचं. त्या प्रकरणाच्या शेवटी तेच किडे तुमच्या ताब्यात येतात आणि पुढे नोवा प्रॉस्पेक्टच्या तुरुंगात तुमच्यासाठी लढतात. ज्याला तासभर भ्यायलो त्याच्याच मागे लपत जायचं. असं दुसऱ्या कुठल्या गेममध्ये असेल तर सांगा, यादीत टाकतो.

संपादक

धागा 'खेळ आणि विरंगुळा' विभागात हलवला आहे. शेवटाबद्दल लिहिताना वर सूचना द्यावी.

पऱ्हाटी

छान लिहिलंय जागल्याभाऊ. मी हा गेम लग्नाआधी खेळले होते, आता लेकाने परत सुरू केलाय म्हणून मागे बसून बघते.

दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या. एक, ॲलिक्स. २००४ च्या मानाने ती वेगळीच आहे. सोडवायला ठेवलेली मुलगी नाही, आणि कपडेही कामाचे. फ्रीमन बोलत नाही म्हणून ती त्याची थट्टा करते, तो गप्पच. त्याच्या गप्प राहण्यामुळे तिचे संवाद जास्त जिवंत वाटतात, असं माझं मत.

दुसरी गोष्ट, सिटी १७ मध्ये एकही मूल नाही. स्टेशनातून बाहेर पडून पुढे गेलात की झोपाळे आणि फिरता पाळणा असलेलं मैदान लागतं, रिकामं. कंबाइनने माणसांचं प्रजननच बंद केलंय, आणि डॉ. ब्रीन पडद्यावर एका पत्राला उत्तर देताना त्याचं गोड भाषेत समर्थन करतो. मी जि. प. शाळेत शिकवते. पटसंख्येच्या काळजीत असलेल्या माणसाला ते मैदान लगेच दिसतं. लेक मात्र तिथून पळत गेला, त्याला बंदूक कधी मिळते याची घाई.

टिनपत्रा

मॅडम तुमी गेम खेळता? आमच्या मास्तरनं आमाले कॅफेतून कान धरून काढलं होतं बाप्पा.

पऱ्हाटी

मीही काढते. शाळा बुडवून गेले असतील तर.

वैनगंगाकाठ

वाचनमात्र होतो, पण किनाऱ्याचं वाचून खातं उघडलं.

मी पवनी तालुक्यातला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमच्याकडची गावं उठली, लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला जोती, विहिरीचं तोंड, एखादी देवळाची भिंत उघडी पडते. हायवे १७ वरची घरं मला तशी दिसली. उलटं आहे, तिकडे पाणी गेलं म्हणून गाव ओसाड, इकडे पाणी आलं म्हणून. पण घरात शिरल्यावर आपण काय बघतो ते तेच. चूल कुठे होती, खाट कुठे होती, जाताना काय न्यायचं राहिलं.

जागल्याभाऊंनी 'गाद्या, भांडी' एवढंच लिहून सोडून दिलं, म्हणून हे लिहिलं. त्या घरांमध्ये मी गोळ्या शोधायचं सोडून उगाच फिरत बसायचो. गेम बनवणाऱ्यांनी नुसती रिकामी खोकी ठेवली असती तरी त्यांचं काम भागलं असतं.

जागल्या

@वैनगंगाकाठ, हे लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या शिवारालाही एक रीठ, म्हणजे उठलेल्या गावाची जागा आहे, माझ्या आज्याच्याही आधीची, आता तिथे फक्त मारुती आणि चिंच. पण तुमच्यासारखं डोळ्यादेखत उठलेलं गाव मी पाहिलेलं नाही.

सिटी १७ चं दिसणं व्हिक्टर अँतोनोव्ह या कलादिग्दर्शकाचं. माणूस बल्गेरियातला, सोफियाचा. म्हणून ते शहर अमेरिकन वाटत नाही. जुन्या युरोपीय इमारती, आणि त्यांच्या अंगातून घुसलेल्या कंबाइनच्या काळ्यानिळ्या धातूच्या भिंती. ते २०२५ मध्ये वारले. ओळखीच्या शहरावर परकी सत्ता बसली की काय दिसतं, हे त्यांना कल्पनेने रचावं लागलं नसेल, असं मला वाटतं.

क्वेकवाला

अँतोनोव्हबद्दल सहमत. त्यांनी पुढे डिसऑनर्ड या गेमचं शहरही केलं. तोही घे यादीत.

जाता जाता, हा गेम ३० सप्टेंबर २००३ ला येणार होता. त्याच सुमारास कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी घुसून सोर्स कोड पळवला आणि तो इंटरनेटवर पसरला. बाहेर आल्यावर लोकांना कळलं की गेम तारखेच्या जवळपासही तयार नव्हता. शेवटी १६ नोव्हेंबर २००४ उजाडला. त्या जादाच्या वर्षात तो घडला, असं माझं मत. चोरीचा फायदा झाला म्हणत नाही, पण घाईने आला असता तर हा धागा निघाला नसता.

सांबारवडी

९० केलं, माउस घेतला. बोटीच्या पार झालो!! डोकं थोडं गरगरलं, पण उलटी नाही. जागल्याभाऊ धन्यवाद. आणि ते बोटीचं प्रकरण एवढं वाईट नाही हो, शेवटी हेलिकॉप्टर पाडतो तेव्हा सगळं वसूल होतं.

कास्तकार_पुसद

गेमातलं आपल्याला कळत नाही. हरभऱ्याबद्दल सांगतो. भारी जमीन असेल तर स्प्रिंकलर बेताचाच चालवा. गेमच्या नादात पाळी लांबली तर हरभरा उभळतो, पाला दिसतो आणि घाटे लागत नाहीत. फुलावर असताना तर जपूनच.

जागल्या

काका, मोबाइलवर गजर लावून खेळतो. जमीन मध्यम आहे. फुलाच्या आधी एक पाणी झालं, आता घाटे भरताना दुसरं. त्यानंतर बंद.

टिनपत्रा

म्हंजे गेम खेळाले दोनच पाणी भेटले तुले. पुढच्या साली गहू पेर भाऊ, त्याले जास्त पाणी लागते. एपिसोड वन अन् टू दोनी होऊन जातीन.

जागल्या

*यापुढे शेवट उघड होतो. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी थेट खालच्या प्रतिसादावर जावं.*

सिटाडेल या उंच बुरुजात शेवटची दोन प्रकरणं. आत शिरताच सगळी शस्त्रं जप्त होऊन नष्ट होतात, उरते फक्त ग्रॅव्हिटी गन, आणि तीही बिघडून निळी पडते. मग तिने शिपाईच उचलता येतात. अख्खा गेम गोळ्या मोजून काढलेल्या माणसाला शेवटी मोजायलाच काही ठेवत नाहीत. खूप सोपं आहे, कोणी म्हणेल आव्हान संपलं. मला वाटतं तेवढं देणं होतं.

आणि मग बुरुजाच्या माथ्यावर स्फोट होतो, ॲलिक्स समोर, आणि वेळ थांबते. सूटबूटवाला जी-मॅन चालत येतो, चार वाक्यं बोलतो, आणि फ्रीमनला परत कपाटात ठेवल्यासारखा काढून घेतो. लोक तुम्हाला मुक्तिदाता म्हणत होते, आणि तुम्ही कोणाचे तरी नोकर निघता. मी चिडलो. झोपडीबाहेर येऊन नोझल बघून आलो, तरी चिडलेलोच होतो. २००४ मध्ये ज्यांनी हे बघून पुढच्या भागाची वाट बघितली त्यांचं काय झालं असेल?

क्वेकवाला

काय होणार? वाट बघितली. एपिसोड वन जून २००६, एपिसोड टू ऑक्टोबर २००७, आणि टूचा शेवट याहून वाईट जागी तुटतो. एपिसोड थ्री आलाच नाही. २०१७ मध्ये लेखक मार्क लेडलॉ यांनी नावं बदलून एका पत्राच्या रूपात त्याची कथा स्वतःच्या संकेतस्थळावर टाकली. वीस वर्षांनिमित्तच्या माहितीपटात अर्धवट एपिसोड थ्रीचे थोडे तुकडे दाखवले, त्यात बर्फाची बंदूक आहे. २०२० मध्ये हाफ-लाइफ: ॲलिक्स हा नवा गेम आला, पण त्याला व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा हेडसेट लागतो.

तुझ्या मूळ प्रश्नाला उत्तर: आधी दोन्ही एपिसोड, मग ब्लॅक मेसा. तो चाहत्यांनी नव्याने बांधलेला पहिला भाग आहे, २०२० मध्ये पूर्ण झाला. त्याला मात्र तुझा लॅपटॉप कण्हेल. तसं असेल तर १९९८ चाच मूळ खेळ. चेहरे चौकोनी आहेत, पण मरीन तेच.

पऱ्हाटी

एपिसोड टू संपवल्यावर काही दिवस मन लागत नाही, आधीच सांगून ठेवते. त्या वेळेला गहू-हरभऱ्याचं काम हाताशी ठेवा.

वैनगंगाकाठ

वाचनखूण साठवली. पुढील लेखनास शुभेच्छा. मी मे महिन्यात मूळ खेळणार, तेव्हा थ्री-फेजचा प्रश्न नसतो, उकाड्याचा असतो.

जागल्या

एपिसोड वन सुरू केलाय. वीस वर्षांच्या अपडेटपासून दोन्ही एपिसोड याच गेममध्ये जोडून आलेत, वेगळं डाउनलोड लागलं नाही. लोलाइफ नावाच्या प्रकरणात अडकलोय. लिफ्ट यायची वाट बघायची, सगळीकडे अंधार, चहूकडून मुडदे. टॉर्च लावला की पळता येत नाही, पळालो की टॉर्च विझतो. दोन्ही एकाच बॅटरीवर. कोणी काढलंय का हे, न मरता?

टिनपत्रा

टॉर्च मुडद्यावर धर, गोळी ॲलिक्स मारते. तू फक्त उजेड दाखव. जागलीले गेल्यावर तेच त करते ना आपन!

सांबारवडी

जमिनीत अँटलायनची बिळं असतात, ती गाड्या ढकलून बुजव ग्रॅव्हिटी गनने. लक्षात ठेव.